उतरल्याची खूण

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! लाँचनं दीड तास नुसतं घुसळून काढलं, सकाळचा चहा समुद्रानं परत मागून घेतला, आणि तरी धक्क्यावर पाय टेकले तेव्हा मी हसत होते. पंचेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी मिळाली की माणूस असाच हसत असावा.

धक्का छान आहे. दगडी ओटा, पाण्यात उतरत गेलेल्या अठरा पायऱ्या, खालच्या सहा शेवाळानं बुळबुळीत. वर कौलारू कचेरी, एकाच खोलीची: टेबल, लांब बाक, काळा टेलिफोन आणि समुद्राकडे उघडणारी खिडकी. एके काळी इथे स्टीमर यायची. आता दिवसाआड लाँच येते, तीही मनात आलं तर.

शेवटच्या पायरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला अडवलं. चष्म्याला दोरी, हातात जाड पुस्तक. त्यांनी विचारलं, उतरलात का. मी म्हटलं, नाही हो, अजून अधांतरीच आहे. ते हसले नाहीत. पेन धरून उभेच राहिले, माझ्या मागच्या दोघा हमालांनाही त्यांनी थांबवून धरलं. शेवटी मी शाळकरी पोरीसारखं ‘उतरले’ म्हटलं, तेव्हा कुठे पुस्तकात बरोबरची खूण झाली. नावाच्या जागी लिहिलं होतं: इतिहासवाल्या बाई. इथे नावं लिहायची पद्धतच नाही म्हणे. कोण काय करतो किंवा कुणाचा कोण लागतो, एवढंच लिहितात.

त्यांना सगळे धक्केकाका म्हणतात. त्यांच्याच घरी वरच्या दोन खोल्या मला मिळाल्या आहेत. काकू बोलक्या आहेत, जिना मात्र उभा आहे. ताईच्या गुडघ्यांना तो कसा झेपणार, देव जाणे.

५ नोव्हेंबर

काम असं आहे. धक्क्याला शंभर वर्षं होतायत, तर बेटाच्या मंडळाला त्याचा इतिहास हवाय, पुस्तकरूपात, डिसेंबरअखेर. तो लिहून दिला की जानेवारीपासून ग्रंथालयात मी कायम, आणि या दोन खोल्याही कायम. मंडळाचे अध्यक्ष इथले डॉक्टर आहेत. ते म्हणाले, मधे सोडून गेलात तर मात्र काही नाही. मी म्हटलं, मी कुठे जाणार, परतीच्या लाँचची मला आत्तापासूनच धास्ती आहे.

खरं कारण त्यांना सांगितलं नाही. खरं कारण ताई आहे. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई एकोणीस. माझ्यासाठी तिनं लग्न केलं नाही, माझं लग्न केलं, आणि ते मोडलं तेव्हा एका शब्दानं न विचारता मला घरात घेतलं. आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती भावाकडे आहे. वहिनी वाईट नाही, पण ताई तिथे पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसते. ते मला बघवत नाही. महिनाअखेरीला ती इथे येणार, आपल्या घरात, आणि हवी तशी ऐसपैस बसणार. बस्स, एवढंच मला हवंय.

रोज दुपारी कचेरीतल्या टेलिफोनवरून तिच्याशी बोलते. तिचा आवाज म्हणजे असा, की फोनची गरजच नाही. अख्ख्या धक्क्याला कळतं की मी जेवले की नाही.

९ नोव्हेंबर

आज जुनी पुस्तकं उघडली. काय सुरेख अक्षर! स्टीमर खडकांमुळे जवळ यायची नाही, अर्ध्या मैलावर उभी राहायची. पहिल्या होडीतून टपाल, सामान आणि उतारूंची यादी यायची, दुसऱ्या होडीतून माणसं. धक्क्यावरचा कारकून यादी पुस्तकात उतरवून घ्यायचा आणि एकेकाला पुकारायचा. माणसानं पायरीवर उभं राहून ‘उतरलो’ म्हटलं की खूण. पुस्तकात खूण नसेल आणि माणूस दिसत नसेल, तर ताबडतोब बेटावरच्या सगळ्या होड्या पाण्यात. खूण असेल तर चिंता नाही, माणूस बेटावर आहे. साधी सोपी व्यवस्था, आणि तिच्यामुळे कितीतरी जीव वाचले असतील.

धक्केकाका त्या कारकुनाचे नातू. चाळीस वर्षं पुस्तक त्यांच्याकडे आहे. त्यात एक खाडाखोड दाखवा, म्हणाले. मी शोधली. नाही सापडली.

१२ नोव्हेंबर

पण आजोबांच्या पुस्तकात एक पान मला खटकलं. सतरा माणसं, सतरा खुणा, आणि सगळ्या खुणा एका दमात ओढल्यासारख्या. इतर पानांवर प्रत्येक खूण वेगळी, कुठे शाई फिकी, कुठे थेंब सांडलेला. इथे नुसती रांग. आणि त्यानंतर अकरा महिने पुस्तक कोरं.

काकांना विचारलं तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. काकूंनी सांगितलं, तेही भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.

त्या दुपारी दाट धुकं होतं. पहिली होडी आली, यादी आली. तेवढ्यात कारकुनाला घरून सांगावा आला की बायको अडलीय, सुईण हात टेकून बसलीय. तो घायकुतीला आला. दुसरी होडी पाच मिनिटांत टेकेल असं समजून त्यानं सतराच्या सतरा खुणा आधीच करून टाकल्या, पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं आणि घरी पळाला. होडी उलटली. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर.

हाकेच्या अंतरावर म्हणजे अक्षरशः. लोकांनी हाका ऐकल्या. धक्क्यावर आले, खिडकीतून पुस्तक बघितलं. काकू म्हणाल्या, “सगळे उतरलेले दिसले. मग हाका मारायला उरलं कोण?” कुणी म्हणालं पाखरं असतील, कुणी म्हणालं धुक्यात आवाज फसवतो. उतारू पलीकडच्या वाडीत गेले असतील म्हणून सगळे घरी परतले. हाका जवळजवळ दोन तास चालू होत्या.

मला संताप आला, इतका की जेवण गेलं नाही. कान दिलेत ना देवानं? कागदावरच्या रेघेवर विश्वास ठेवून दोन तास माणसं बुडू द्यायची? मी हे पुस्तकात लिहिणार, मग मंडळाला आवडो न आवडो. काकूंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, लिहा, पण धुक्यात धक्क्यावर बसून लिहू नका.

१४ नोव्हेंबर

सकाळी थोडं धुकं. मुद्दाम धक्क्यावरच बसून लिहिलं. माझा स्वभावच तसा, नको म्हटलं की आधी तेच.

सतरा जणांची यादी उतरवून घेत होते. जुनं अक्षर लागावं म्हणून मोठ्यानं वाचत होते: शिंपी. शिंप्याची बायको. शाळामास्तर. नवी नर्स. पाववाल्याचा जावई.

‘शिंपी’ म्हटल्यावर बाहेरून कुणीतरी म्हणालं, उतरलो.

हमालांची चेष्टा असणार. उठून बघितलं, ओट्यावर कुणी नाही. हमाल आज कामावरच नव्हते, हे नंतर कळलं. असो. ऐकावं ते नवलच. काकांना सांगून त्यांना आणखी चष्मा पुसायला लावणार नाही.

१८ नोव्हेंबर

पुन्हा धुकं. मी यादी मोठ्यानं वाचलीच नाही. तरी आवाज आले. पाच, वेगवेगळे. दोन बायकांचे. ‘उतरले’ म्हणताना एकीला खोकला आला. आवाज पाण्यावरून नाही, पायऱ्यांवरून. खिडकी लावली आणि वर कडीही घातली, खोटं कशाला लिहू.

घरी आले तर काकूंनी सगळी दारं-खिडक्या बंद करून रेडिओ मोठ्यानं लावलेला. माझा चेहरा बघून त्यांनी नुसता पाट सरकवला. मग म्हणाल्या की पुस्तकात ते उतरलेत, पण पाय काही टेकले नाहीत. ती खूण खरी करून घ्यायला येतात. बेटावर जागा रिकामी झाल्याशिवाय त्यांना वर येता येत नाही. मी विचारलं, कुणाची जागा? त्या म्हणाल्या, भात निवतोय.

१९ नोव्हेंबर

ताईला फोन केला. म्हटलं, जरा थांबतेस का, जानेवारीत ये. ती म्हणाली की खोली भाच्याला देऊन झाली, त्याचं टेबल-खुर्चीही आलं. ती आता बैठकीत झोपते. ‘तुला अडचण असेल तर राहू दे गं,’ असं म्हणाली. ताई. मला. मला भडभडून आलं.

म्हटलं, काही अडचण नाही, सव्वीसच्या लाँचनं ये. तू आलीस की मला कशाची भीती नाही.

२२ नोव्हेंबर

प्रकरण सहा पूर्ण करायचं होतं, म्हणून कचेरीत गेले. ऊन होतं. मग नव्हतं. दहा मिनिटांत खिडकीबाहेर पांढरं.

आज आवाज ओट्यावर. दाराच्या अगदी बाहेर. मोजले: अकरा. मग कुणीतरी दाराशीच, हळू आवाजात, अगदी सभ्यपणे विचारलं, बाई, जागा झाली का?

टेबलाखाली बसून राहिले. पंचेचाळीस वर्षांची बाई, टेबलाखाली. धुकं गेल्यावर काका न्यायला आले. माझा हात धरून घरापर्यंत आणलं.

२४ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे गेले. सांगितलं की उरलेलं घरी बसून लिहीन. चालेल म्हणाले. देव पावला. धक्क्यावर आता फक्त एकदा, सव्वीसला. ताईला हाताला धरून आणायचं, की संपलं.

पडदे लावले. ताईसाठी दुकानातून मोठी आरामखुर्ची आणली. ती खुर्ची बघून उगाच दोनदा रडले.

२५ नोव्हेंबर

काकांना ताप. एकशेतीन. उठून बसताही येत नाही. उद्याचं पुस्तक कोण धरणार? काकू नाही म्हणतात, त्यांनी तीस वर्षांत धक्का बघितलेला नाही. दुसरं कुणी तयार नाही.

मीच धरते म्हटलं. काकांनी पेन माझ्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही. एवढंच म्हणाले, “आधी पाय, मग तोंड, मग खूण. हा क्रम मोडू नका.”

मला कुणी शिकवायला नको. मी त्या पानावर अख्खं प्रकरण लिहिलंय.

२६ नोव्हेंबर, दुपारी अडीच

लाँच सुटली. लाँचवाल्यानं फोनवर यादी दिली. उतारू एक. मी सुंदर अक्षरात लिहिलं: इतिहासवाल्या बाईंची बहीण.

ऊन स्वच्छ. काही काळजी नाही. रोजनिशी मुद्दाम बरोबर आणली, हात गुंतलेला बरा.

साडेतीन

धुकं.

कुठून आलं कळलं नाही. खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. लाँचवाल्याचा फोन लागत नाही. दोनदा केला, दहादा केला.

पावणेचार

इंजिनाचा आवाज आला, मग बंद. मग काही नाही. ताईला पोहता येत नाही. शेवाळ आहे पायऱ्यांवर. गुडघे—

मी खूण केली.

केली. मला माहीत आहे मी काय केलं. पण वाटलं, लिहून टाकलं की ती उतरलीच, मग तिला काही होऊ शकत नाही. देवापुढे नवस बोलावा तशी केली. त्या कारकुनाबद्दल मी प्रकरणात काय काय लिहिलं होतं.

चार

आली! बाकावर बसलीय. मी पुस्तकावर डोकं टेकलं होतं, वर बघितलं तर दारातून आत येऊन बसलेली, डोक्यावरून शाल, कुडकुडतेय. इंजिन परत सुरू होऊन लांब जाताना ऐकलं. गळ्यात पडले तिच्या. हात बर्फासारखे.

विचारलं, उतरलीस ना? म्हणाली, उतरले.

देवा. किती घाबरवलंस. तिला जरा ऊब येऊ दे, धुकं विरळ झालं की निघतो.

चार दहा

ती बोलत नाही. प्रवास कसा झाला, विचारलं. ‘उतरले.’ वहिनी काय म्हणाली? मान हलवली. शाल ओढून घेतली, तोंड भिंतीकडे. दात वाजतायत. थंडीनं असेल.

ताई आणि गप्प?

चार वीस

पाण्यातून हाक.

माझ्या नावानं. ताईचा आवाज. तोच, अख्ख्या धक्क्याला ऐकू जाणारा. ‘अगं, मी इथंय, पाण्यात, होडी पाठव कुणाला तरी.’

बाकाकडे बघितलं. ती तशीच बसलीय. तिला ऐकू येत नसल्यासारखी.

पायऱ्या चढून येताना मी तिला बघितलंच नाही. खूण आधी केली, मग ती दिसली. मग ही कोण?

चार पंचवीस

काकूंना फोन केला. म्हटलं, होड्या काढायला सांगा, ताई पाण्यात आहे. त्यांनी विचारलं, पुस्तकात काय आहे. खूण आहे म्हटलं. समोर कुणी आहे का? आहे म्हटलं. मग उतरली की, खिडकी लावा म्हणाल्या.

मग सांगितलं, खूण मी आधीच केली होती.

मग काका आले फोनवर. तापातला आवाज. “पुस्तक मिटा. बाकावर जी आहे तिचा हात धरा आणि घरी या. हाकेकडे बघू नका.”

तेच. अगदी तेच. शंभर वर्षांत काही शिकले नाहीत ही माणसं.

साडेचार

हाक बारीक होतेय. ‘हात दुखले गं. किती वेळ धरू?’

बाकावरची उठत नाही. हात धरला, ओढला, तिनं गुडघा घट्ट धरून ठेवलाय. ‘उतरले, उतरले,’ एवढंच.

खूण आहे तोवर एकही होडी निघणार नाही. खूण काढली की निघतील, तोच नियम आहे इथला. मी कागदावर विश्वास ठेवणार नाही. मी कानांवर ठेवणार. माझी ताई दोन तास ओरडत मरणार नाही—

खोडलं. दोन रेघा. नाव आणि खूण, दोन्ही.

पाण्यातली हाक थांबली. एकदम. मधल्या शब्दावर.

बाकावरून ताई म्हणाली—

बाकावरून म्हणाली, “माझ्याच नावावर काट मारलीस होय गं?” थंडीनं आखडलेल्या जबड्यातून, कसंबसं. शाल मागे सरकली. ताई. ताईच. गुडघा चोळत होती. उठता येत नव्हतं म्हणून बसली होती, फक्त म्हणून—

बाकाकडे धावले. बाकावर नुसती शाल. कोरडी. आत कुणी नाही. मी खोडलं म्हणजे ती उतरलीच नाही, तिची जागा मीच रिकामी केली.

आता खाली आवाज आहे. पायऱ्यांच्या खाली. ओरडत नाही ती. मला त्रास नको म्हणून हळू बोलते. थंडी वाजते, एवढंच.

माझ्या मागे बाक करकरला. एकदा. मग पुन्हा. ‘उतरलो.’ ‘उतरले.’ ‘उतरलो.’ सरकून बसतायत, एकमेकांना जागा देतायत—

तिचं नाव परत लिहितेय पुस्तकात. शाई उमटत नाही. इथे रोजनिशीत उमटते, तिथे नाही. पान ओलं. पुन्हा लिहिते. इतिहासवाल्या बाईंची— नाही उमटत—

ताई, आले. पायरीवर येते, हात वर कर, शेवाळ आहे, तू हलू नकोस, मीच